आईने ऐकून घेतलेलं साउंड कार्ड

आवाज करणारी कुठलीही वस्तू आईने ऐकल्याशिवाय आमच्या घरात येत नसे. पंखा असो, मिक्सर असो, ट्रान्झिस्टर असो. बाबा बरोबर यायचे ते फक्त पिशवी धरायला. दुकानदार वॉरंटीचा कागद पुढे करत असायचा, आई त्याला हातानेच थांबवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, ‘हा नको. ह्याच्या आत काहीतरी घासतंय.’ दुकानदार शपथा घ्यायचा. आई दुसरा लावायला सांगायची. तिसऱ्या-चौथ्या पंख्याला ती मान डोलवायची आणि तो पंखा मग वर्षानुवर्षं आमच्याकडे बिनतक्रार फिरायचा.

भाईंदर पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाण्याचा पंप वेगळा वाजायला लागला की सेक्रेटरी मेकॅनिकच्या आधी आईला खाली बोलवायचे. तळमजल्यावरच्या गुजराती काकी टेपरेकॉर्डर घ्यायला निघाल्या तेव्हा ‘बेन, चलो ने साथे’ म्हणत आईला ओढून घेऊन गेल्या होत्या. आईला ह्याचा अभिमान होता, पण ती तो दाखवायची नाही, असं मी लिहिणार होते. ते खोटं होईल. ती चांगलाच दाखवायची.

तो तिचा पेशाच होता. फोर्टातल्या एका कंपनीत ती टेलिफोन ऑपरेटर होती, तेही लग्नाच्या आधीपासून. कंपनीचे सगळे फोन एका बोर्डावर यायचे आणि चार बायका पाळीपाळीने ते आत जोडून द्यायच्या. चौघींत आई सगळ्यात जुनी. समोरच्याने ‘हॅलो’ म्हणायच्या आधी नुसता घसा साफ केला तरी ती त्याला नावाने ‘गुड मॉर्निंग’ करते, अशी तिची ख्याती होती. तिच्या कंपनीच्या स्नेहसंमेलनात मी एकदा गेले होते. तिथे एक टकले साहेब मला म्हणाले होते, ‘तुझ्या आईपासून आजारपण लपवता येत नाही. सुट्टीसाठी खोटं खोकलो तर हसते.’

ज्या वर्षी आमच्याकडे कॉम्प्युटर आला त्याच वर्षी त्या कंपनीत नवा बोर्ड यायचं ठरलं. नव्या बोर्डामुळे बाहेरचा माणूस थेट हव्या त्या टेबलावर फोन लावू शकणार होता. मग चार बायका कशाला? एक पुरे. उरलेल्या तिघींनी आवक-जावक खात्यात बसून पाकिटांवर शिक्के मारायचे. दिवाळीनंतर चौघींची चाचणी होणार होती. एका कानाला हेडफोन लावून ऐकायचं. कोण बोलतंय, कुणाला मागतंय, काय नंबर सांगतंय, ते लिहायचं. जी पहिली येईल, बोर्ड तिचा. आईला बोर्ड हवा होता. ‘शिक्के मारायला लावलेन तर त्याच दिवशी राजीनामा तोंडावर टाकीन,’ असं तिने घरात जाहीर केलं होतं. तो राजीनामा आम्हाला झेपला नसता, पण आम्ही कुणी घाबरलो नाही. आईची ऐकण्याची परीक्षा घेणं म्हणजे उत्तनच्या कोळ्याला पोहता येतं का विचारण्यासारखं होतं.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि संध्याकाळी कॉम्प्युटरचा कोर्स करायचे. आम्हा दोघींचा स्वभाव एकच: स्वतःवर भारी विश्वास. बाबांनी ओव्हरटाइम करून मला जोडणीचा कॉम्प्युटर घेऊन दिला होता, पण तो मुका होता. पोटातल्या पोटात ‘टिंग’ करायचा, बस. त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा म्हणजे एक डास बाटलीत कोंडून त्याच्या मागे धावायचं. मला इंजिनाची घरघर हवी होती. सीडीवरची गाणी हवी होती. त्यासाठी साउंड कार्ड हवं होतं.

बाबांची एकच अट होती: हेडफोन. ते एका छापखान्यात रात्रपाळीला होते आणि दुपारी चारपर्यंत झोपायचे. दोन खोल्यांचं घर. त्यामुळे सुट्टीच्या दिवशीसुद्धा आम्ही मायलेकी घरात कुजबुजत बोलायचो. मी काही विचारलं आणि आईने ‘काय गं?’ केलं तर मला वाटायचं, मीच फार हळू बोलले. असं दिवसातून दहादा व्हायचं आणि दहाही वेळा मला तेच वाटायचं.

केबिन रोडवर एका साडीच्या दुकानाच्या माळ्यावर एक गुजराती गृहस्थ कॉम्प्युटर जोडून द्यायचे. आमचाही त्यांनीच जोडला होता. सगळे त्यांना भाई म्हणायचे. लोखंडी शिडीवरून वर गेलं की सगळीकडे उघडे डबे, वायरींची भेंडोळी आणि एका कोपऱ्यात उदबत्ती. मी कॉलेजच्या लायब्ररीत मासिकं चाळून पूर्ण तयारीने गेले होते.

‘भाई, सोळा बिटचं कार्ड पाहिजे. आठ बिटचं दाखवूपण नका.’

‘बेटा, गेम के लिए आठ चलता है.’

‘गाण्याला नाही चालत. आठ बिटवर बाई गाते का बाप्या, तेच कळत नाही.’

भाईंनी कपाळाला हात लावला आणि चार खोकी खाली काढली. मी एकेक कार्ड हातात घेऊन फिरवून बघितलं. त्यांच्याकडे बघून काही कळतं असं नाही, पण कळतंय असा चेहरा मला छान जमायचा. खरी अडचण वेगळीच होती. गाण्यासाठी आवाज स्वच्छ हवा. गेमसाठी कार्ड ओळखीचं हवं, कारण प्रत्येक गेम सुरुवातीला तुम्हाला यादी दाखवून विचारायचा की तुमच्याकडे ह्यातलं कुठलं कार्ड आहे, आणि तुमचं त्यात नसेल तर तोंड मिटून बसायचा. हेडफोनसाठी आणखी एक: कार्डात तेवढा जोर हवा, नाहीतर आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. ह्या तिन्हींत बसणारं आणि आम्हाला परवडणारं असं एक कार्ड मी निवडलं, हेडफोन घेतले आणि ‘बसवून देतो’ म्हणणाऱ्या भाईंना ‘मी बसवते’ म्हणून घरी आले.

बसवायला पूर्ण दुपार गेली. कार्ड आणि प्रिंटर एकाच वाटेवरून भांडत होते. कार्डावरची एक बारकी टोपी चिमट्याने काढून शेजारच्या काड्यांवर घातली तेव्हा कुठे त्यांचं जुळलं. मग हेडफोनमध्ये इंजिन धडधडलं आणि मी अशी किंचाळले की बाबा झोपेतून उठून थेट गॅलरीत धावले. त्यांना वाटलं, बिल्डिंग पडली.

संध्याकाळी आई आली. चहा झाला. मी तिला खुर्चीत बसवलं, तिच्या डोक्यावर हेडफोन चढवले. डाव्याचा डाव्या कानाला, उजव्याचा उजव्याला. त्यावर ‘एल’, ‘आर’ अशी अक्षरं असतात आणि आईला असल्या बाबतीत शिस्त फार. कार्डाबरोबर तपासणीची एक फ्लॉपी आली होती. त्यातला माणूस डावीकडून ‘लेफ्ट’ म्हणायचा आणि उजवीकडून ‘राइट’. आईने डोळे मिटले.

‘दोन दोष आहेत,’ डोळे न उघडता ती म्हणाली. ‘तू तो उंदीर हलवलास की मागे किरकिर येते. आणि लेफ्ट बसलाय. हळू येतोय.’

मी हेडफोन घालून बघितले. माउस हलवला की खरंच किरकिर येत होती, तांदळात किडे फिरावेत तशी. पूर्ण दुपार ऐकून ती माझ्या लक्षात आली नव्हती. लेफ्ट आणि राइट मात्र मला सारखेच वाटले. मी पुन्हा ऐकलं. सारखेच. मग मी काय केलं? मी ठरवलं की माझे कान कच्चे आहेत. किरकिर जिने एका मिनिटात पकडली तिची दुसरी गोष्ट चूक कशी असेल?

दुसऱ्या दिवशी मी भाईंच्या माळ्यावर कार्ड आपटलं. त्यांनी लावून बघितलं. किरकिर मान्य केली, तीही तोंडात बोट घालून. ‘ये तेरी मम्मी ने सुना? इतना बारीक?’ लेफ्टबद्दल मात्र ते ठाम होते. ‘दोनों साइड बराबर है, बेटा.’

‘माझी आई ऑपरेटर आहे. बावीस वर्षं ऐकतेय ती. तुम्हाला कळणार की तिला?’

त्यांनी कार्ड बदलून दिलं. दुसऱ्या कार्डाला किरकिर कमी होती, पण होती. आणि लेफ्ट बसलेला. मी परत गेले. आता मी भाईंना फसवाफसवी, तैवानचा माल, ग्राहक मंच असं सगळं ऐकवलं. वय वीस आणि आईचा निकाल पाठीशी, मग काय विचारता. त्यांनी हेडफोनही बदलून दिले. घरी येऊन लावले. आईने ऐकलं. ‘लेफ्ट अजून बसलेलाच आहे बाई. तो माणूस तुला खपवतोय काहीतरी.’

तिसऱ्यांदा मला शिडीवर बघून भाईंनी हात जोडले. ‘एक काम कर. संडे को मम्मी को लेके आ. जो मम्मी बोलेगी वो कार्ड.’

रविवारी आई ठेवणीतली साडी नेसून आली. तिला अशा आमंत्रणाचं अप्रूप नव्हतं, पण गंमत होती. भाईंनी खुर्ची पुसून दिली. टेबलावर तीन कार्डं आणि चार हेडफोन मांडून ठेवले होते. एकेक कार्ड लावायचं, एकेक हेडफोन द्यायचा, आई ऐकायची. पहिलं बाद: किरकिर. दुसरं: ‘मागे पंख्यासारखं काहीतरी फिरतंय.’ भाईंनी तपासलं तर खरंच, ते कार्ड पॉवर सप्लायच्या फार जवळच्या खाचेत बसवलेलं. तिसरं जरा महागातलं होतं. आईने खूप वेळ ऐकलं. ‘हे स्वच्छ आहे. मागे काही नाही. पण लेफ्ट...’

चारही हेडफोन लावून झाले. चारही वेळा लेफ्ट बसलेला.

भाईंनी आईच्या डोक्यावरचे हेडफोन हळूच काढले, फिरवले आणि उलटे घातले. डाव्याचा उजव्या कानाला, उजव्याचा डाव्या. ‘बेन, अब सुनो.’

फ्लॉपीतला माणूस बोलला. आईने ऐकलं.

‘आता लेफ्ट मोठ्याने येतोय,’ ती म्हणाली. ‘राइट हळू झाला.’

‘बघा!’ मी माळा डोक्यावर घेतला. ‘आता राइटपण गेला! कसलं भिकार कार्ड आहे हे, भाई? आधी एक बाजू बाद होती, आता दुसरी!’

भाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला अजून आठवलं तरी कान तापतात. ते रागावले नव्हते. त्यांना माझी कीव आली होती. मी पुढे आणखी काहीतरी बोलणार होते. आईने माझा हात धरला. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले, सरळ करून, अक्षरं वर येतील असे.

‘कार्ड चांगलं आहे,’ ती म्हणाली. ‘हेच घे.’

तेव्हा मला कळलं. सगळ्यात शेवटी, मला.

केबिन रोडवर रविवारची खरेदी चालू होती. आई गर्दीतून माझ्या पुढे चालत होती आणि मी पिशवी घेऊन मागे. बिल्डिंगच्या वळणावर ती थांबली. ‘माझा डावा कान गेलाय,’ तिने सरळ सांगितलं. मी सर्दी, मळ, वारं, जे सुचेल ते बोलले. तिने मला बोलू दिलं. मग म्हणाली, ‘बोर्डावर मी डाव्या कानालाच लावते. उजव्या हाताने लिहायचं असतं ना, वायर मधे येते. बावीस वर्षं डावाच.’

दोन दिवसांनी डॉक्टरांनीही तेच सांगितलं. डाव्या कानाची शीर कमजोर झालीये, हळूहळू झालीये, ती परत येणार नाही. का झालं ते सांगता येत नाही. उजवा मात्र उत्तम आहे. ‘वयाच्या मानाने फारच उत्तम,’ ते म्हणाले. आईने त्यांचे आभार मानले, जणू त्यांनीच तो तसा ठेवला होता.

पण आईला त्या कानापेक्षा वेगळंच काहीतरी खात होतं. त्या संध्याकाळी बाबा कामावर गेल्यावर तिने ते मला सांगितलं. दोन वर्षांपासून तिला बोर्डावरचा आवाज कमी येत होता. ती बटण फिरवून तो वाढवायची. मग तेही पुरेना. इतर तिघी म्हणायच्या, आम्हाला तर नीट येतं. आईने त्यांना सांगितलं, तुम्हाला कळत नाही, बोर्ड जुना झालाय. त्यांनी मानलं. का नाही मानणार? मग तिने साहेबांना पत्र लिहिलं की बोर्डाचा आवाज बसलाय, नवा बोर्ड मागवावा.

‘माझ्या पत्रावरून नवा बोर्ड येतोय,’ आई म्हणाली. ‘आणि बोर्डाला काही झालंच नव्हतं. त्या तिघी माझ्यामुळे शिक्के मारायला जाणार.’

ती म्हणाली, मी चाचणीला बसत नाही. मी चिडले. आईवर मी तशी फार वेळा चिडले असेन, पण हे चिडणं खरं होतं. मी म्हटलं, तू बसली नाहीस तर काय बोर्ड परत जाणार आहे? तिघींपैकी दोघी जाणारच. तुझा उजवा कान उत्तम आहे, तो घेऊन जा आणि पहिली ये. मग साहेबांना काय सांगायचं ते सांग, पण चाचणी झाल्यावर. ‘झाल्यावर सांगणार मात्र नक्की,’ ती म्हणाली.

दिवाळीला तीन आठवडे होते. कार्डाबरोबर आलेल्या प्रोग्राममध्ये आवाज डावीकडे-उजवीकडे सरकवायची एक पट्टी होती. ती मी उजव्या टोकाला नेऊन ठेवली. डावी बाजू पार बंद. आणि मग असं लक्षात आलं की आईच्या उजव्या कानाला ऐकू सगळं येत होतं, पण तो अडाणी होता. बावीस वर्षं त्याला कुणी कामालाच लावलं नव्हतं. माणसं त्याला ओळखता येत नव्हती. रेडिओवरच्या दोन निवेदिकांत आईने एकीला दुसरी समजलं, तेव्हा तिचा चेहरा पडला. कान गेल्याचं कळलं तेव्हासुद्धा तो इतका पडला नव्हता.

‘अभ्यास करू,’ मी म्हटलं. कार्डाला माइक लावायची सोय होती. कोर्सचा प्रोजेक्ट आहे असं सांगून मी निम्मी बिल्डिंग आमच्या खोलीत आणून बसवली. सेक्रेटरी आले, तळमजल्यावरच्या काकी आल्या, चौथ्या मजल्यावरचे मंगळुरी मास्तर आले, दूधवाले भैय्या आले, आणि नवघरातून भाजी घेऊन येणाऱ्या मावशीसुद्धा आल्या. प्रत्येकाने कुणालातरी मागायचं आणि एक नंबर सांगायचा. मावशी माइकसमोर बसल्या त्या बसल्या. ‘ह्यात बोलू? ह्यात तं काय न्हाय.’ मग इतक्या जोरात बोलल्या की पडद्यावरची आवाजाची सुई लाल खुणेपलीकडे गेली. ती रेकॉर्डिंगं मी कापली, उलटसुलट लावली, मागे पंप, पाऊस, रिक्षा मिसळली. रोज संध्याकाळी पोळ्या आई लाटायची नाही, मी लाटायचे. ती हेडफोन लावून कागदावर लिहायची. ती सरावली तसा मी आवाज कमी करत नेला.

पहिल्या आठवड्यात तिने सेक्रेटरींना भैय्या केलं. दुसऱ्या आठवड्यात निम्मी माणसं बरोबर आली. आता वायर उजव्या हातावरून जायची, म्हणून ती लिहिताना अडखळायची. मग तिने ती पदराखालून पाठीमागे घ्यायची युक्ती काढली. तिसऱ्या आठवड्यात मी एक वात्रटपणा केला. मास्तरांच्या आवाजात मधे मीच घुसले, घोगरा आवाज काढून. आईने पेन्सिल थांबवली नाही. नुसतं म्हणाली, ‘पोळी करपतेय तुझी.’

हेडफोन आले होते माझ्या गाड्यांच्या शर्यतीसाठी. त्या तीन आठवड्यांत मी एकही शर्यत खेळले नाही आणि मला आठवणही झाली नाही.

चाचणीच्या दिवशी आई नेहमीच्याच वेळेला घरी आली. चपला काढल्या, पाय धुतले. मी तिच्या तोंडाकडे बघत दारातच उभी होते.

‘एकही चुकलं नाही,’ ती म्हणाली. ‘बोर्ड माझ्याकडेच राहिला.’

मी ओरडले. बाबा आतून उठून आले, त्यांनी तिच्या हातात साखर ठेवली. आईने ती तोंडात टाकली आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ती ओट्याला टेकून उभी होती.

‘साहेबांना सांगितलंस?’

‘सांगितलं. म्हटलं, साहेब, जुना बोर्ड चांगला होता. माझा कान गेला होता. मी चुकीचं पत्र लिहिलं, आणि ह्या तिघी त्यापायी गेल्या.’

‘मग?’

‘हसले.’ तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. ‘म्हणाले, बाई, तुमच्या पत्रावर कुणी बोर्ड बदलतं का? तो खर्च वाचवायला दिल्लीच्या ऑफिसने ठरवला. तुमचं पत्र फाईलला लावलंय. वाचलंसुद्धा नाही कुणी.’

मला वाटलं, सुटलो. आईचा दोष नव्हता. तिघींचं गेलं ते तिच्यामुळे नाही. मी तेच बोलणार होते, तोंड उघडलंही होतं. आणि आई रडायला लागली. कान गेला तेव्हा ती रडली नव्हती. डॉक्टरांकडे नाही, भाईंच्या माळ्यावर नाही. आता ती ओट्याला धरून रडत होती आणि मला तिला कुठे हात लावावा कळत नव्हतं.

‘दहा दिवस लिहीत होते गं ते पत्र,’ ती म्हणाली. ‘इंग्रजीत.’

मी तिच्या उजव्या बाजूला गेले. ‘मला सांग. काय लिहिलं होतंस?’

तिने नाक पुसलं. पत्र तिला पाठ होतं. ‘रिस्पेक्टेड सर,’ तिने सुरुवात केली, बोर्डावर बोलते त्याच आवाजात, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून. विषय सांगितला. बोर्ड कधी बसवला ते सांगितलं, आवाज कधीपासून कमी झाला ते सांगितलं. मग एक वाक्य आलं: मी ह्या बोर्डावर बावीस वर्षं काम करत आहे आणि माझ्या ऐकण्यात चूक नाही, ह्याची मी खात्री देते. तिथे ती थांबली. मला वाटलं, हे ती गाळेल. तिने ते पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पूर्ण, आणि मग खाली सही कुठे केली होती तेही सांगितलं.